नदीच्या अलीकडे

"बाबा, ताईची खोली मी घेऊ का?"

खरं म्हणजे हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं, प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, काडी आणि टमटमचा. मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यावर बसून दोघींनी तो शिजवला आणि माझ्या गळ्यात मारला. वाचनालयाच्या तासाला मी नुकतीच भाव खाऊन आले होते, तेच काडीला सहन झालं नसावं. "वर्गात एवढी टकळी चालवतेस ना, मग घरी चालवून दाखव," ती म्हणाली. "एवढी मोठी घोडी झालीस, हॉलमधल्या सोफ्यावर पाय दुमडून झोपतेस, आणि घरात एक अख्खी खोली रिकामी. विचार बघू बाबांना." टमटम चिप्सचं पाकीट तोंडात उलटं करत म्हणाली, "ही कसली विचारतेय. घराच्या दारात पाय ठेवला की हिचा आवाज आपोआप बंद होतो." हे मात्र झोंबलं. मी म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही पुटपुटणारी मुलगी होते, पण ती गेल्या वर्षीची. आताची मी वेगळी आहे. म्हणून जेवताना, पहिल्या दोन घासांच्या मध्ये, मी तो प्रश्न ताटात टाकला आणि उत्तरांची वाट बघत बसले. उत्तरं मी आधीच ठरवून ठेवली होती. भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये असतं ना, समोरचा बोलला की खाली तीन वाक्यं येतात आणि एक निवडायचं, तशी. एक : 'तिचं नाव या घरात काढायचं नाही.' दोन : 'जेव गुपचूप.' तीन : काहीच नाही, फक्त पाण्याचा पेला जरा जोरात खाली ठेवणं. तिन्हींवर माझं काय म्हणणं असेल तेही तयार होतं.

बाबा म्हणाले, "घे की."

आणि पुढचा घास घेतला. "बंद ठेवून काय करायचंय? तुझं दहावीचं वर्ष येईल. शनिवारी मी रिकामा आहे, ते कपाट काढून टाकू, म्हणजे टेबल बसेल." आई उठली, ओट्याशी गेली आणि नळ सोडला. धुवायला एकही भांडं नव्हतं. नुसतं पाणी वाहत राहिलं, आणि मी पैज जिंकल्यावर माणसाला जसं वाटायला हवं तसं अजिबात न वाटता तिथे बसून राहिले. जिन्यात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन निघावी, तसं काहीतरी. ते नाही म्हणाले असते तर ताई अजून या घरात होती. ज्या माणसावर राग आहे तो माणूस असतोच ना घरात. 'घे की' म्हटल्यावर मात्र ती एकदम एक जागा झाली, चार भिंती आणि टेबल बसेल की नाही याचा हिशेब. माझ्या डोळ्यांसमोर गेममधली ती ओळखीची चौकट आली. या जागेवर आधीच एक खेळ जतन केलेला आहे. त्याच्यावर नवा जतन करायचा का? हो. नाही. आणि बाबांनी न बघताच 'हो' दाबलं होतं.

आता मी गेमबद्दल बोलायला लागले की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते. वाचनालयाच्या बाईंनी प्रत्येकीला नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी उभी राहून म्हटलं की बाई, मी नुकतं काही वाचलं नाही, पण खेळले पुष्कळ, त्यावर बोलू का? बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, बोल, पण मत हवं, जाहिरात नको. मत! माझ्याकडे मतांचं कोठार आहे. मी त्या भल्याथोरल्या राज्याच्या गेमपासून सुरुवात केली. सगळ्यांनी डोक्यावर घेतलाय तो. त्याचा नकाशा उघडला की गोवर आल्यासारखा दिसतो, जिथे तिथे लाल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर कुणीतरी उभं. आकाश फाटलंय, जग बुडायला आलंय, आणि एक आजोबा मला थांबवून म्हणतात, बाळ, माझी कोंबडी हरवलीय. आणि मी जाते! जग ठेवते बाजूला आणि कोंबडी शोधायला जाते. वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, हीच त्यातली एकमेव खरी गोष्ट आहे, बाकीचा राजा, तलवार, ड्रॅगन सगळं थर्माकोलचं. मग सोबत्यांचा गेम. त्यात चार जण तुमच्याबरोबर चालतात, तुम्ही काय बोललात त्यावर रुसतात, आणि रुसलेला सोबती एके सकाळी तंबूत नसतो. त्याचं अंथरूण तेवढं राहतं. मी त्या गेमला दहापैकी नऊ दिले. एक गुण कापला, कारण गेलेल्याच्या पिशवीतलं सामान आपल्याला मिळतं, आणि ते मिळाल्याचा आवाज आनंदाचा आहे. टिंग! असा. तो आवाज ज्यानं बसवला त्याच्या घरातून कधी कुणी गेलेलं नाही. मग त्या रिकाम्या घराच्या गेमला मी तीन दिले. समुद्राकाठी एक घर, माणसं नाहीत, आपण फक्त फिरायचं, कपाटं उघडायची, वस्तू हातात घेऊन फिरवून बघायच्या आणि माणसं कुठे गेली ते ओळखायचं. सगळे म्हणतात काय गहिरा आहे. मी म्हटलं, एवढं करायला गेम कशाला हवा, आमच्या घरी या. हे मी विनोद म्हणून बोलले. वर्ग हसलाही. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

एका गेमवर मात्र मी बोलले नाही, आणि काडी-टमटमला ते कळलं होतं. तो छोटासा आहे, कुठल्यातरी चार-पाच जणांनी मिळून केलेला, आपल्या भाषेत, चित्रं हातानं रंगवलेली. नायिका एक मुलगी, पाठीवर पोतं, आणि वाटेत जे सापडेल ते पोत्यात टाकायचं : औषधी मुळ्या, दगड, दिवे, कुणाची तरी बासरी. दरी उतरून गेलं की नदी लागते. नदीवर नाव, नावेत नावाडीण. आपण जवळ गेलो की ती मान न वळवता विचारते, "कुठं निघालीस गं एवढं लटांबर घेऊन?" तो गेम आधी टमटमनं आणला होता. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तिनं चिप्स खायचे थांबवले, आणि ते ती कशासाठीच थांबवत नाही. "अगं," ती म्हणाली, "ही तर तुमची ताई." माझे कान गरम झाले होते. नाकात हसू दाबून बोलायची ती लकब, 'लटांबर'मधला तो जड 'ल', ते मी दुसऱ्या ग्रहावरही ओळखलं असतं. शिवाय ते वाक्य ताईच्या तोंडून मी आधी ऐकलेलं होतं, पुष्कळ वेळा, कपाटाच्या दाराआडून.

नावाडीण मोजकंच बोलते. पुन्हा पुन्हा जवळ गेलं की तिची वाक्यं फिरून येतात. "नाव लहान आहे, पोतं मोठं आहे, आता तूच ठरव." "घाई असेल तर पोहत जा, मी ओरडणार नाही." "पाणी गार आहे. कालही होतं." पलीकडे जायचं तर पोतं काठावर रिकामं करावं लागतं आणि नावेत बसावं लागतं. पलीकडे गेल्यावर नावाडीण परत भेटत नाही. मी कधी गेलेच नाही. शाळेतून आले की संगणक सुरू करायचा, दरी उतरायची, काठावर उभं राहायचं. काडी म्हणायची, "अगं येडे, इथे जतन कर आणि जा ना पुढे. नाही आवडलं तर परत ये. जातंय काय?" बरोबर होतं तिचं. काही जाणार नव्हतं. ते मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं, कितीतरी गेम मी तसेच पुढेमागे करत खेळलेय. पण पलीकडे उतरताना नावाडीण एक शेवटचं वाक्य बोलते हे टमटमनं मला सांगितलं होतं, आणि ते मी ऐकलेलं नव्हतं. ते ऐकलं की संपलं. मग ताईनं बोललेलं आणि मी न ऐकलेलं असं जगात काही उरलं नसतं. जोवर एक वाक्य शिल्लक आहे तोवर ती अजून मला काहीतरी सांगणार आहे. हे मी मैत्रिणींना कसं सांगू? टमटमनं चिप्सचं पाकीट माझ्याच डोक्यावर उलटं केलं असतं.

ताई कपाटात बोलायची. खरंच. गेमला वगैरे आवाज द्यायचं काम मिळवायचं तर नमुने पाठवावे लागतात, मिळालेलं कामही घरीच बोलून पाठवायचं असतं, आणि नुसत्या खोलीत बोललं की भिंती आवाज परत फेकतात, बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. म्हणून ती कपड्यांच्या कपाटात शिरायची. हँगरवरचे कोट डोक्याला लागायचे, पायांशी जाड पांघरुणं, हातात उशीच्या खोळीत बांधलेला माईक. दार लावून घ्यायची आणि आतून एकदा टकटक करायची. मग माझं काम सुरू. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि डोक्यावर गच्चीत लिफ्टची मोटर. कुणी खाली बटण दाबलं की आमच्या छतातून घरघर सुरू व्हायची आणि ताईचं वाक्य वाया जायचं. यावर उपाय मी शोधला होता. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार नीट लागलं नाही तर जागची हलत नाही. मी आमच्या मजल्यावर लिफ्ट बोलवायचे, जाळीच्या फटीत माझी चप्पल अडकवायचे आणि एका पायावर लंगडी घालत घरात पळत यायचे. "झालं!" असं कपाटाला सांगायचे. आतून ताईचा आवाज यायचा, वेगळाच, जाड, नदीकाठच्या कुठल्यातरी बाईचा, आणि मी जमिनीवर बसून श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. खाली कुणीतरी जाळी बडवत असायचं. आमच्या खालचे टायपिंग क्लासवाले काका तर जिन्यातून ओरडत यायचे. आणि यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ते सगळे तक्रार करायचे ती बाबांकडे. कारण बाबांचा धंदाच लिफ्टदुरुस्तीचा. सबंध गावाच्या लिफ्ट चालवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट रोज दुपारी अडकते म्हणजे काय! बाबा रविवारी गच्चीवर जाऊन मोटर उघडून बसायचे, तेल घालायचे, कान लावून ऐकायचे. "बेअरिंग घासतंय ते सोडलं तर हिला काही झालेलं नाही," असं पुटपुटत खाली यायचे. मी आणि ताई एकमेकींकडे न बघण्याचा सराव करायचो.

बाबांना वाटत होतं ताई कॉलेजात आहे. ताईनं ते शेवटच्या वर्षात सोडलं होतं, आणि हे फक्त मला आणि त्या कपाटाला माहीत होतं. मग एका दुपारी बाबा अवेळी घरी आले. लिफ्ट वर अडकलेली, म्हणून हत्यारांची पेटी घेऊन सगळे मजले चढून आले, जाळीत चप्पल बघितली, ती काढली. लिफ्ट सुटली, खाली गेली, छत घरघरलं. मी दाराशी एका पायावर उभी. बाबा आत गेले. ते खोलीत शिरले तेव्हा ताई कपाटात होती आणि तिला काही कळलेलं नव्हतं, वाक्य पूर्ण करून ती घामाघूम बाहेर आली ती थेट बाबांच्या समोर. नंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. "आवाज काढून कुणाचं पोट भरतं?" हा बाबांचा तुकडा. "तुम्ही एकदा ऐका तरी," हा ताईचा. "ऐकायचंच नाही मला," हा पुन्हा बाबांचा. आई दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा इकडे एकदा तिकडे बघत होती. आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते, परक्या माणसांच्या तोंडांचे ठसे तिच्या टेबलावर रांगेत असतात, पण त्या दिवशी तिच्या स्वतःच्या तोंडातून अक्षर फुटलं नाही. आठवडाभर हेच चाललं, आणि मग ताई बॅग घेऊन निघाली. लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती, दार उघडं. ताई तिच्याकडे बघून जिन्यानं गेली. मुद्दाम. प्रत्येक मजल्याला तिची बॅग कठड्यावर आपटत होती आणि बाबा हॉलमध्ये बसून ते सगळं ऐकत होते, तळमजल्यापर्यंत. ऐकायचंच नाही म्हणणारा माणूस.

आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, चष्म्यांच्या दुकानावरच्या खोलीत. तिनं मला खिडकीचा फोटो पाठवला होता, खाली दुकानाच्या पाटीवरचे दोन मोठे डोळे वर बघतायत. मला ती फक्त टाइप करून पाठवते. 'जेवलीस?' 'परीक्षा कधी?' 'उंची किती झाली?' जी बाई आवाजावर जगते ती मला अक्षरं पाठवते. मी एकदा लिहिलं, निदान बोलून तरी पाठव ना काहीतरी. ती म्हणाली, तू रडशील, मग बाबांना कळेल, मग तुला त्रास. मी लिहिलं, मी आता रडत नाही. ती म्हणाली, मी रडते ना पण. आणि घरी ये म्हटलं की एकच : बाबा बोलावतील तेव्हा. बाबा म्हणायचे, आपल्या पायांनी गेलीय, आपल्या पायांनी येईल. आणि मी दोघांच्या मध्ये पोतं घेऊन काठावर उभी. घरापासून बसनं अर्धा-पाऊण तास लांब असलेल्या बहिणीला मी रोज संगणकात जाऊन भेटत होते आणि ती मला रोज विचारत होती, कुठं निघालीस. कुठंच नाही गं. उभी आहे.

शनिवारी बाबा खरंच पेटी घेऊन आले. आईनं खोली झाडून ठेवली होती. ती नेहमीच झाडलेली असते, पण आईनं पुन्हा झाडली. मी संगणक आणून ताईच्या पलंगावर ठेवला, वायरी लावल्या, कारण नुसतं उभं राहून बाबांना कपाट उघडताना बघणं मला झेपलं नसतं. आत एकच पांघरूण होतं आणि रिकामे हँगर. बाबांनी दाराचे स्क्रू काढायला घेतले. पहिला निघाला, बशीत पडला. टिंग. माझा हात आपोआप त्या गेमवर गेला. दरी उतरले. नदी. नावाडीण. "कुठं निघालीस गं एवढं लटांबर घेऊन?" आवाज मी बारीकच ठेवला होता. पाठीमागे पेचकस थांबल्यासारखा वाटला, पुन्हा सुरू झाला. दुसरा स्क्रू. आणि मला एकदम असं झालं की हे कपाट निघायच्या आत, त्याच्या समोरच, ते ऐकलं पाहिजे. नंतर ते वाक्य नुसतं वाक्य उरेल. मी पोतं उघडलं. मुळ्या काढल्या, दगड, दिवे, बासरी. जपून ठेवलेली सगळी औषधं, जी मी पडले, धडपडले, मरता मरता वाचले तेव्हाही वापरली नव्हती, न जाणो पुढे लागतील म्हणून. काठावर ढीग झाला. मी नावेत पाय ठेवला. माझ्या खऱ्या पायांना मुंग्या आल्या. नाव हलली, पाणी वाजायला लागलं, काठ मागे गेला, ढीग लहान लहान होत गेला, आणि पलीकडच्या वाळूला नाव लागताना ताई म्हणाली,

"उतर. आला काठ. मागं बघत उतरलीस तर पाय ओले होतील."

बस, एवढंच. तिच्या आवाजाखाली काहीतरी कण्हत होतं, लांबून येणारी घरघर आणि मध्ये एक कट्. वल्ह्याचा आवाज असेल असं मला वाटलं. मी पडद्याकडे बघत राहिले. माझ्या मनात होतं की आता माझ्या आत एक मोठी पोकळी होईल. झाली नाही. उलट मला भयंकर हसू येत होतं आणि नाक गळत होतं.

"हे काय लावलंयस?" बाबा म्हणाले.

"गेम आहे."

"पुन्हा लाव."

मी वळून बघितलं. ते पेचकस हातात धरून उभे होते, मान किंचित तिरकी, गच्चीवर मोटरला कान लावताना असते तशी.

"पुन्हा लावायचं तर परत अलीकडे जावं लागेल."

"मग जा की."

मी अलीकडच्या काठावर जतन केलेला खेळ उघडला. पोतं पुन्हा भरलेलं. पुन्हा मुळ्या, पुन्हा दगड, पुन्हा बासरी. बाबा पलंगाच्या कडेला बसले. आई हात पुसत दारात आली, काय चाललंय म्हणून विचारणार होती, तेवढ्यात नाव हलली. उतर. आला काठ. आईचा हात टॉवेलमध्येच राहिला.

"नावेचा आवाज नाही तो," बाबा म्हणाले. "आपली लिफ्ट आहे. जुनी मोटर. बेअरिंग घासत होतं तेव्हा. नंतर मी बदललं ते. आता असा आवाज येत नाही हिचा." त्यांनी पेचकस मांडीवर ठेवला. मग, "म्हणजे ती हे बोलत होती. मी वर आलो, जाळीतली चप्पल काढली आणि लिफ्ट सुटली तेव्हा."

"हो."

"चप्पल तुझी होती."

"हो."

"निळी," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, आईकडे न बघता, "बरं बोलते गं."

"मी काय केव्हाचं वेगळं म्हणतेय?" आई म्हणाली.

"तू कधी म्हणालीस?"

"तुम्ही ऐकत होतात का, अहो?"

त्यांना वाटलं आता हे त्यांचं दोघांचं सुरू झालं आणि मी नेहमीसारखी संगणकात तोंड घालीन. मी पलंगावर उभी राहिले. वाचनालयाच्या तासाला उभी राहते तशी, फक्त गादीमुळे जरा डगमगत. बाबा म्हणाले, "पडशील." मी म्हटलं, "ऐका. मला ही खोली नको. कपाटाचे स्क्रू परत बसवा. उद्या मी ताईकडे जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय. बाबा, तुम्ही म्हणता ती येईल, ती म्हणते तुम्ही बोलवाल, आणि मी किती दिवस मध्ये उभी राहू? माझे पाय दुखले. सकाळी न्याहारी झाली की मी लिफ्ट वर बोलावणार आणि जाळीत चप्पल अडकवून उभी राहणार. खालचे काका ओरडले तर ओरडू देत. तुमच्यापैकी ज्याला यायचं असेल त्यानं आवरून यावं. मी लिफ्ट धरून ठेवते."